संगणक मोडीत काढण्याआधी त्याची डिस्क बदलून पाहावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

संगणक संथ झाला म्हणजे तो जुना झाला, आणि जुना झाला म्हणजे तो बदलायला हवा, हे समीकरण आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात इतके पक्के बसले आहे की मधल्या पायरीचा विचार कोणी करत नाही. त्या मधल्या पायरीसाठी हे पत्र लिहीत आहे. डेस्कटॉप संगणकाच्या संथपणाचे मूळ पुष्कळदा त्याच्या एकाच भागात असते. तो भाग म्हणजे फिरणारी हार्ड डिस्क. तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, बसवली तर एरवी धडधाकट असलेला संगणक आणखी काही वर्षे मनासारखे काम देऊ शकतो. मात्र हे काम घाईने केले तर डिस्कवरची वर्षानुवर्षांची माहिती कायमची जाऊ शकते, आणि हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

मी अक्षरजुळणीचे आणि मुद्रितशोधनाचे काम करते. माझा डेस्कटॉप २०१४ सालचा आहे. गेली दोन-तीन वर्षे तो सुरू होऊन प्रत्यक्ष हाताशी यायला पाच-सहा मिनिटे घेत असे. जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टची यादी उघडली की पडदा गोठल्यासारखा होई. पेटीवर तळहात ठेवला की आतली बारीक थरथर जाणवे आणि कान दिला तर कट्‌कट्‌ असा सततचा आवाज ऐकू येई. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने पेटी न उघडताच नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. त्या संध्याकाळी मी टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती कामात आहे हे दाखवणारी विंडोजमधील खिडकी, उघडून बसले, तेव्हा प्रोसेसरच्या रकान्यात ६-७ टक्के आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के असे आकडे दिसत होते. संगणकाचा मेंदू जवळजवळ रिकामा बसून डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत होता. असे असताना संपूर्ण संगणक बदलण्याचे कारण मला दिसेना.

हार्ड डिस्क संथ का असते, हे तिची रचना पाहिल्यावर सहज समजते. तिच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या एका आसाभोवती फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यंत कमी अंतरावर एक लहानसा हात वाचक-डोके घेऊन पुढे-मागे सरकत असतो. डेस्कटॉपमधील सर्वसाधारण डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली जागा डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि त्याआधी तो हात योग्य वर्तुळावर नेण्यात आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद. माहिती डिस्कवर विखुरलेली असेल तर अशी डिस्क सेकंदाला सुमारे ऐंशी ठिकाणेच गाठू शकते. एखादा लांब चित्रपट सलग वाचायचा असेल तर तिला अडचण येत नाही, कारण तेव्हा हात फारसा हलवावा लागत नाही. पण संगणक सुरू होताना हजारो लहान-लहान फाइली वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा कराव्या लागतात. माझ्या संगणकावर सातशेहून अधिक फॉन्ट आहेत आणि प्रत्येक फॉन्ट ही एक वेगळी फाइल आहे. यादी उघडताना पडदा का गोठत असे, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

या मर्यादेचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. आयबीएमने १९५६ साली डिस्कवर माहिती साठवणारे पहिले व्यावसायिक यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. त्या यंत्राला एखादी नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आजची एक टेराबाइटची साधी डिस्क त्याच्या सुमारे दोन लाख पट माहिती साठवते, पण ती माहिती गाठण्याचा वेळ केवळ पन्नास पटींनी कमी झाला आहे. साठवण दोन लाख पट, चपळाई पन्नास पट! वजन असलेली एखादी वस्तू प्रत्यक्ष हलवायची असली की तिचा वेग एका मर्यादेपुढे जात नाही, आणि अभियंत्यांनी कितीही कौशल्य पणाला लावले तरी ही मर्यादा पुरती ओलांडता आली नाही.

एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. तोशिबामध्ये काम करणारे जपानी अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरीची कल्पना विकसित केली आणि आज एसएसडीमध्ये वापरला जाणारा तिचा नँड हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला. तिच्या प्रत्येक सूक्ष्म पेशीत विद्युतभार कोंडून ठेवला जातो आणि त्याच्या पातळीवरून माहिती वाचली जाते. कोणतीही पेशी गाठायला एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो, आणि विखुरलेली माहिती सेकंदाला हजारो ठिकाणांहून वाचता येते. वापरणाऱ्याला फरक जाणवतो तो याच ठिकाणी.

म्हणूनच एसएसडी निवडताना खोक्यावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे पाहून निर्णय घेऊ नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. तो आकडा सलग वाचनाचा असतो. सॅटा, म्हणजे हार्ड डिस्कसाठीही वापरली जाणारी रूढ जोडणी, असलेली एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते, तर एनव्हीएमई या नव्या, अधिक वेगवान प्रकारची एसएसडी साडेतीन हजार, सात हजार किंवा त्याहून अधिक वेग सांगते. व्हिडिओ संपादनासारख्या कामात हा फरक मोलाचा आहे. पत्रव्यवहार, हिशेब, जुळणी, इंटरनेट यांसाठी मात्र हार्ड डिस्कवरून साध्या सॅटा एसएसडीवर येण्याने जो बदल घडतो, त्यापुढचा बदल फार थोडा जाणवतो. जुन्या मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाचे सर्व भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर, सॅटाची दुसऱ्या पिढीची जोडणी असेल तर सलग वेग साधारण निम्मा होतो, तरीही विखुरलेली माहिती गाठण्याची चपळाई बऱ्याच अंशी टिकून राहते. त्यामुळे केवळ तेवढ्या कारणासाठी मागे फिरण्याची गरज नाही.

एम.२ या चपट्या पट्टीच्या आकाराविषयी बराच गोंधळ आहे. एम.२ हे आकाराचे आणि खाचेचे नाव आहे, वेगाचे नव्हे. बहुतेकदा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असलेली ती पट्टी सॅटा प्रकारची असू शकते किंवा एनव्हीएमई प्रकारची. मदरबोर्डवरची खाच यांपैकी कोणता प्रकार स्वीकारते, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. काही मदरबोर्डवर ती खाच वापरात आली की एखादे सॅटा पोर्ट बंद पडते. पुष्कळ जुने मदरबोर्ड एनव्हीएमईवरून संगणक सुरूच करू शकत नाहीत. दहा-बारा वर्षांच्या डेस्कटॉपसाठी अडीच इंची सॅटा एसएसडी हाच बिनधोक पर्याय आहे, असे माझे मत आहे.

एसएसडी लिहून-लिहून झिजते, ही भीती अनेकांनी मला बोलून दाखवली. ती निराधार नाही, पण घरगुती वापरात ती अवास्तव आहे. एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या, म्हणजे टीएलसी प्रकारच्या, एक टेराबाइट एसएसडीला सर्वसाधारणपणे ६०० टेराबाइट लेखनाची हमी दिलेली असते. रोज ३० गिगाबाइट लिहिले तरी वर्षाला अकरा टेराबाइटांच्या आतच लेखन होते, आणि या हिशेबाने ती मर्यादा गाठायला पन्नास वर्षांहून अधिक काळ लागेल. एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या क्यूएलसी प्रकारात ही हमी कमी असते आणि मोठ्या फाइली लिहिताना वेगही घसरतो, म्हणून जिच्यावरून संगणक सुरू व्हायचा आहे त्या डिस्कसाठी मी टीएलसीच निवडेन.

आता माहितीच्या सुरक्षिततेविषयी. माझ्या एका स्नेह्यांनी त्यांचा संगणक डिस्क बदलण्यासाठी दिला. संगणक परत आला तेव्हा तो झटपट सुरू होत होता आणि ते आनंदात होते. दोन दिवसांनी त्यांनी दिवंगत आईची छायाचित्रे शोधली, तेव्हा ती कुठेच नव्हती. ज्याच्याकडे काम दिले होते त्याने सी ड्राइव्ह तेवढा नव्या एसएसडीवर उतरवला होता, त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागातील फोल्डर त्याला दिसले नव्हते, आणि जुनी डिस्क पुसून दुसऱ्या संगणकात बसवून टाकली होती. कोणाचा हेतू वाईट नव्हता. ‘जुन्या डिस्कवर काही हवे आहे का’ हा प्रश्न कोणी विचारला नाही, इतकेच घडले. त्या छायाचित्रांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. स्नेह्यांच्या घरी त्या दिवशी मी काही वेळ बसले होते, आणि त्यांच्याशी काय बोलावे हे मला सुचले नाही.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की पेचकस हातात घेण्यापूर्वी आपल्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या, वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. प्रत घेतली म्हणजे ती वाचता येतेच असे नाही. सर्व विभाग तपासावेत, डेस्कटॉपवर आणि डाउनलोडमध्ये पडलेल्या फाइलीही घ्याव्यात, ईमेल सॉफ्टवेअरने साठवलेला पत्रव्यवहार विसरू नये. जुन्या डिस्कची प्रकृतीही आधी पाहून घ्यावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दोषांची नोंद ठेवत असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो यासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती वाचता येते. बदललेल्या सेक्टरांची, म्हणजे खराब झाल्याने डिस्कने बाजूला काढलेल्या साठवणीच्या लहान तुकड्यांची, आणि प्रलंबित, म्हणजे वाचताना अडलेल्या, सेक्टरांची संख्या शून्याच्या वर जाऊन वाढत असेल, तर डिस्क शेवटच्या टप्प्यात आहे असे समजावे. अशा डिस्कचा सरळ क्लोन, म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, काढण्याचा अट्टहास न करता सर्वांत मोलाच्या फाइली सर्वांत आधी उचलाव्यात.

डिस्क निरोगी असेल तर क्लोनझिलासारख्या मोफत सॉफ्टवेअरने किंवा एसएसडीच्या उत्पादकाने दिलेल्या साधनाने तिची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवता येते. नवी एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा लहान असेल तर त्या साधनाला विभाग लहान करता येतात का, हे आधी पाहावे, कारण सगळ्यांना ते येत नाही. बिटलॉकरसारखे कुलूप लावलेले असेल तर ते आधी तात्पुरते थांबवावे आणि त्याची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून ठेवावी. ती संगणकातच साठवून ठेवली तर ऐनवेळी उपयोगाची नाही. स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणते हे सॉफ्टवेअर विचारते, तेव्हा उत्तर देण्यापूर्वी दोन्ही डिस्कचे नाव आणि आकार मोठ्याने वाचावेत. तेथे उलटापालट झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सारे संपते.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम मी स्वतः केले. विजेची वायर काढली, आत उरलेला भार निघून जावा म्हणून सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले, पेटीची डावी बाजू उघडली आणि अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून आतल्या रंग नसलेल्या धातूला हात लावला. दहा वर्षांची धूळ पंख्याच्या पात्यांवर करड्या लोकरीसारखी साचली होती. डिस्कला दोन जोडण्या असतात, माहितीची अरुंद आणि विजेची रुंद. दोन्हींच्या टोकाला इंग्रजी एल अक्षरासारखी खाच असल्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत. केबलवर धातूची लहान पट्टी असेल तर ती दाबल्याशिवाय ओढू नये. मी पहिल्यांदा ती न दाबता ओढू लागले होते आणि जोडणी तुटता-तुटता वाचली. अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात सैल राहते, म्हणून त्यासाठी मिळणारी चौकट वापरून ती चार स्क्रूंनी बसवली. एसएसडी हातात घेतली तेव्हा ती पोकळ आहे की काय असे वाटावे इतकी हलकी होती.

पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नये. एकाच यंत्रात एकसारख्या दोन डिस्क दिसल्या की संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू झाला हे कळत नाही, आणि नव्यावरून सुरू झाला असे समजून माणूस जुनी पुसून बसतो. माझा संगणक त्या दिवशी बावीस सेकंदांत सुरू झाला. फॉन्टची यादी उघडली तेव्हा माझे बोट सवयीने माउसवरून उचलले गेले होते, पण थांबण्याची वेळच आली नाही. पेटीवर हात ठेवला तर थरथर नव्हती.

त्यानंतरच्या काही सवयी बदलाव्या लागतात. हार्ड डिस्कसाठी आपण डीफ्रॅगमेंटेशन, म्हणजे विखुरलेल्या फाइलींचे तुकडे सलग लावणे, करत असू, ते एसएसडीवर करू नये. त्याने लाभ होत नाही आणि विनाकारण लेखन वाढते. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाली आहे हे डिस्कला कळवणारी ट्रिम नावाची आज्ञा विंडोज ७ पासून पुढच्या आवृत्त्यांत आहे आणि ती चालू असावी. डिस्क काठोकाठ भरू नये. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी राहिली तर तिचे अंतर्गत व्यवस्थापन सुरळीत चालते.

ट्रिमचा दुसरा परिणाम मात्र फार थोड्या जणांना ठाऊक असतो. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल तज्ज्ञांच्या मदतीने बऱ्याचदा परत मिळते. एसएसडीवरून पुसलेली फाइल ट्रिम झाल्यावर व्यवहारात परत मिळत नाही. शिवाय हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी आवाजाने किंवा संथपणाने पुष्कळदा सूचना देते, तर एसएसडी आज चालते आणि उद्या संगणकाला दिसतच नाही, असेही घडते. तिच्या पेशींतला भार वीज नसताना हळूहळू गळत असतो. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जेडेक या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातील मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक सांगते की लेखनाची हमी पूर्ण वापरून झाल्यावर ३० अंश सेल्सिअस तापमानात, वीज नसताना, तिने एक वर्ष माहिती सांभाळावी. नवी डिस्क याहून खूप अधिक काळ टिकते, पण लग्नाची छायाचित्रे एसएसडीवर घेऊन ती कपाटात दहा वर्षे ठेवून देण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडावा. तेथे जुनी हार्ड डिस्कच बरी, तीही दोन प्रतींत.

या बदलाने सर्व काही साधते, असा माझा दावा नाही. संगणकाची मेमरी, म्हणजे रॅम, २ किंवा ४ गिगाबाइट असेल तर एसएसडीने दिलासा मिळतो, तरी मेमरी वाढवणेही आवश्यक ठरते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) संपला आणि विंडोज ११ ने प्रोसेसरच्या पिढीची व टीपीएम २.० या सुरक्षा घटकाची अट घातल्यामुळे असंख्य चालते संगणक अधिकृतपणे बाद ठरले. डिस्क बदलून ही अट पूर्ण होत नाही. ज्यांचे काम ब्राउझर आणि कार्यालयीन मजकुरापुरते आहे त्यांना विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत कार्यप्रणालीचा मार्ग खुला आहे आणि एसएसडीवर ती जुन्या यंत्रातही चपळ चालते. माझी जुळणीची सॉफ्टवेअर विंडोजखेरीज चालत नाहीत, म्हणून मी तो संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ जुळणीसाठी ठेवला आहे.

दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यांना माझी विनंती आहे की नवा संगणक सुचवण्यापूर्वी त्यांनी ग्राहकासमोर टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना दाखवावा, आणि काढलेली जुनी डिस्क ग्राहकाच्याच हातात परत द्यावी. ती त्याची मालमत्ता आहे आणि त्यापेक्षाही त्यावरची माहिती त्याची आहे. शाळा, ग्रंथालये आणि कार्यालये एकाच वेळी वीस-तीस संगणक मोडीत काढतात. तसे करण्यापूर्वी त्यांनी एका संगणकाची डिस्क बदलून महिनाभर वापरून पाहावी. आणि जे खरोखरच मोडीत जाणार आहेत, त्यांच्या डिस्कवर केवळ झटपट फॉरमॅट करून भागत नाही, कारण त्याने फाइलींची अनुक्रमणिका जाते, फाइली जात नाहीत. विद्यार्थ्यांच्या, वाचकांच्या, कर्मचाऱ्यांच्या नोंदी असलेली हार्ड डिस्क संपूर्ण पृष्ठभागावर पुन्हा लेखन करून पुसावी, आणि एसएसडी असेल तर तिच्या उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी.

माझी जुनी डिस्क मी दोन महिने जशीच्या तशी खणात ठेवली होती. तिच्यावर काढल्याची तारीख आणि ‘पुसू नये’ असे लिहिलेली चिठ्ठी होती. या काळात तीन वेळा तिच्याकडे परत जावे लागले: एकदा राहून गेलेल्या शब्दकोशासाठी, एकदा मुद्रकाच्या पत्त्यासाठी आणि एकदा क्लोनमध्ये सदोष उतरलेल्या एका फॉन्टसाठी. आता ती वेगळ्या वीजपुरवठ्याच्या बाह्य पेटीत बसवली आहे आणि दर शनिवारी संध्याकाळी नव्या डिस्कवरील कामाची प्रत तिच्यावर उतरते.

आपली नम्र,
एक नियमित वाचक